खेळणारे, दाखवणारे आणि कमावणारे

फुलसावंगीतील कोणत्याही आईला विचारा, "बाई, मुलगा काय करतो?" उत्तर बहुधा ठरलेलेच असते : "काय सांगू भाऊ, पोट्टं दिवसभर पब्जीच खेळते." हेच उत्तर महागावात मिळेल, उमरखेडात मिळेल आणि पुसदच्या एखाद्या कामगार वस्तीतही मिळेल. गंमत अशी की, पब्जी मोबाइल या खेळावर भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजीच बंदी घातली. त्या नावाचा खेळ बंद होऊन वर्षे लोटली, पण नाव काही आमच्या घरांतून गेले नाही. कोणाचा मुलगा बंदुकीचा खेळ खेळत असतो, कोणाचा लुडो खेळत असतो, कोणी क्रिकेटवर पैसे लावत असतो, तर कोणी स्वतः काहीच न खेळता मुंबईच्या एखाद्या तरुणाला खेळताना बघत बसलेला असतो. आईच्या तोंडी मात्र या सगळ्यास एकच नाव, पब्जी!

वाचक बंधू-भगिनींनो, आमचे म्हणणे येथूनच सुरू होते. गावात ताप आला म्हणजे प्रत्येक ताप मलेरियाचा नसतो. डॉक्टर आधी कोणता ताप ते पाहतो, मग औषध देतो. मोबाइलवरच्या खेळांचेही तसेच आहे. त्यात खेळ आहे, खेळाचा देखावा आहे आणि खेळाचे कपडे घातलेला जुगारही आहे. या तिन्हींना एकाच काठीने हाकणारा बाप मुलाला लुडोवरूनही मारतो आणि जुगारही त्याच्या नजरेतून सुटतो. आम्ही कचेरीत जमाखर्चाच्या वह्या सांभाळणारी माणसे. म्हणून या तिन्हींचा थोडा हिशेब येथे मांडत आहोत.

खेळ हा शत्रू नव्हे

पहिली गोष्ट, पडद्यावरचा खेळ ही काही कालची भानगड नाही. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७२ साली 'पाँग' नावाचा खेळ काढला. दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढेच त्यात होते. १९८० साली जपानमधून 'पॅकमॅन' आला. १९८४ साली मॉस्कोत संगणकाचे काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी वरून पडणारे तुकडे नीट रचण्याचा 'टेट्रिस' तयार केला. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणला, आणि हा मारिओ जगभरच्या मुलांचा मित्र झाला.

आमच्या पिढीने हे खेळ पाहिले ते टीव्हीला जोडायच्या यंत्रावर. १९९० च्या सुमारास 'समुराई' नावाचे यंत्र आपल्याकडे विकले जात होते. त्यानंतर स्वस्तातल्या नकला आल्या, एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याच्या जाहिराती आल्या. अर्थात ज्या घरात टीव्हीच नव्हता त्या घरातील मुलांनी ते दुसऱ्याच्या दारात उभे राहून पाहिले. आमचे खरे खेळ विटीदांडू, लगोरी, गोट्या आणि कबड्डी हेच होते.

मारिओबद्दल आमचे मत चांगले आहे. हा नायक राजपुत्र नाही, सरदार नाही. तो नळ दुरुस्त करणारा प्लंबर आहे. कष्टकऱ्याला नायक करणारी गोष्ट आम्हाला केव्हाही आवडते. शिवाय तो खेळ शिकवतो काय? खड्ड्यात पडलास, पुन्हा ऊठ. मागच्या वेळी कोठे चुकलास ते ध्यानात ठेव. 'कॉन्ट्रा' या खेळात गोळीबार फार, पण दोघांनी मिळून खेळायची त्यात सोय होती. एकाने दुसऱ्याला सांभाळून घेतले तर दोघांचेही काम सोपे. 'टेट्रिस' तर सुतारकाम-गवंडीकामाच्या जवळचा खेळ. कोणता तुकडा कोठे बसेल हे नजरेने ओळखायचे. १९९७ साली नोकिया कंपनीच्या फोनवर सापाचा खेळ आला. पुढे तो फोन गावोगाव पोहोचला तेव्हा एसटीची वाट पाहणारी म्हातारी माणसेसुद्धा तो साप लांबवत बसत. त्याने कोणाचे घर बुडाले नाही.

घरात सर्वांनी मिळून खेळायचा म्हणाल तर 'लुडो किंग' हा खेळ आमच्या महाराष्ट्रातच, नवी मुंबईत तयार झाला. गेमेशन या कंपनीने तो २०१६ साली आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो देशभर घरोघरी गेला. लुडो म्हणजे आपल्या जुन्या पच्चीसीचेच इंग्रजांनी नेलेले रूप. १८९६ साली इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले गेले. टाळेबंदीत पुण्या-मुंबईत अडकलेला मुलगा आणि गावाकडची आई एकाच पटावर सोंगट्या चालवत होती, हे त्या खेळाचे उपकारच म्हणायचे. मात्र लुडोच्याच नावाखाली पैसे लावायला सांगणारी ॲपेही निघाली. नाव एक असले तरी धंदा निराळा, हे विसरू नये.

'उठत का नाही?'

आता तो प्रसिद्ध बंदुकीचा खेळ. पब्जी मोबाइल २०१८ साली आला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाल्यापासून इंटरनेट स्वस्त झालेच होते, त्यामुळे तो वाऱ्यासारखा पसरला. २०२० च्या बंदीनंतर कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने तो भारतासाठी पुन्हा आणला. जुलै २०२२ मध्ये तोही काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्याचाच भाऊबंद 'फ्री फायर'. तो साध्या, स्वस्त मोबाइलवर चालत असल्याने गरीब घरांतील मुलांमध्ये अधिक पसरला. त्याच्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण 'फ्री फायर मॅक्स' ही त्याचीच आवृत्ती चालू राहिली.

खेळाची रीत अशी : शंभरापर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, खेळण्याची जागा हळूहळू आकसत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. बहुतेक मुले चार-चारच्या गटाने खेळतात. येथे पालकांनी एक बारीक गोष्ट समजून घ्यावी. हा खेळ मध्येच थांबवून ठेवता येत नाही. एकजण उठला की त्याचे तिघे सोबती अडचणीत येतात. म्हणून आईने जेवायला हाक मारली की मुलगा 'आलोच' म्हणतो आणि येत नाही. हा प्रत्येक वेळी उर्मटपणा नसतो. "आत्ता बंद कर" म्हणण्याऐवजी "हा डाव संपला की बंद" असे आधीच ठरवले तर घरातले निम्मे भांडण मिटते. मात्र ठरले ते ठरले. त्यानंतर 'आणखी एकच' चालणार नाही.

या खेळाविषयी आमचे मत सरळ आहे. त्यात नजर, चपळाई आणि गटाने काम करणे लागते, हे खरे. पण वेळ खाण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवलेली होती. आता हिशेब करा. रोज तीन तास म्हणजे वर्षाला १,०९५ तास. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान १,००० तास अध्यापन ठरवले आहे. म्हणजे कंपनीची मर्यादा काटेकोर पाळणारा मुलगासुद्धा शाळेपेक्षा अधिक तास खेळतो! आणि बापाच्या नावाने, बापाच्या वयाने खेळणाऱ्या मुलाला ती मर्यादा तरी कोठली? शाळेचे तास वाया गेले तर आमच्या घरातील मुलाच्या हाती दुसरे काय राहते? त्याच्यासाठी ना शेती आहे, ना बापाचे दुकान.

जिवाचाही धोका आहे. आपल्या शेजारच्या हिंगोलीत मार्च २०१९ मध्ये दोन तरुण रुळाजवळ हा खेळ खेळताना रेल्वेखाली सापडून गेले. त्यांना मरायचे नव्हते. त्यांचे कान आणि डोळे दुसरीकडे होते, इतकेच.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये खेळाच्या अनावर सवयीचा आजारांच्या यादीत समावेश मंजूर केला आणि जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण प्रत्येक खेळणारा मुलगा रोगी नव्हे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळतच राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर मुलास मारहाण करू नये, डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी दूरध्वनी क्रमांक अशा सल्ल्यासाठीच आहे आणि तो फुकट आहे.

खेळ फुकट, मग कमाई कशाची? कपड्यांची, बंदुकीच्या रंगाची. खऱ्या पैशाने खेळातले पैसे घ्यायचे, त्यांनी बंद पेट्या उघडायच्या आणि आत काय निघते ते नशिबावर. आम्हाला यात लहान मुलांना जुगाराची पहिली चव देण्याचा प्रकार दिसतो. बेल्जियमने २०१८ सालीच अशा पैशाच्या पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी एकेक तास एवढाच ऑनलाइन खेळ ठेवला. तितका कडकपणा आपल्याकडे चालेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण मोठमोठी सरकारेसुद्धा ज्याची चिंता करतात, त्याची चिंता आमच्या आया करतात तर त्या अडाणी ठरत नाहीत.

दाखवणारे

आता खेळ दाखवणाऱ्यांकडे वळू. पूर्वी मुलांच्या वहीत क्रिकेटपटूंचे फोटो असत. आता त्यांच्या तोंडी मिथपॅट, मॉर्टल, पायल गेमिंग, टोटल गेमिंग, टेक्नो गेमर्झ अशी नावे असतात. घरातल्या मोठ्यांना ही माणसे कोण हे माहीत नसते. माहीत नसलेल्या माणसाविरुद्ध मुलाला काय सांगणार?

मिथपॅट म्हणजे मिथिलेश पाटणकर, आपला मराठी तरुण. खेळता खेळता हिंदीत विनोद करतो. घरात सर्वांसमोर बघता येईल असे त्याचे बोलणे असते. या क्षेत्रात शिवीगाळीची कमी नाही, म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो. मॉर्टल म्हणजे मुंबईचा नमन माथुर. त्याच्या 'सोल' संघाने २०१९ ची पब्जी मोबाइलची भारतीय स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी हा संघ बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत खेळला. चाहत्यांचा गोतावळा मोठा, पण बोलणे नम्र, असे आमचे मत. 'टोटल गेमिंग'वाल्या तरुणाने बरीच वर्षे चेहरा न दाखवता, केवळ आवाजावर कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. रूप आणि कपडे नसले तरी चालते, हे त्याने दाखवून दिले. 'टेक्नो गेमर्झ'चा उज्ज्वल चौरसिया 'जीटीए' हा खेळ गोष्टीसारखा रंगवून सांगतो. सांगण्याची हातोटी चांगली, पण तो मूळ खेळच प्रौढांसाठी आहे. त्यात गाड्या पळवणे आणि माणसे मारणे हा करमणुकीचा भाग आहे. चौथी-पाचवीच्या पोराने तो बघत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या सर्वांत आम्हाला विशेष कौतुक वाटते ते पायल धारे हिचे. ती छिंदवाडा जिल्ह्यातील उमरानाला या गावची. छिंदवाडा म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याला लागून असलेला मुलूख. लहान गावातली मुलगी, मुलांचा समजल्या जाणाऱ्या खेळात उतरली आणि देशभर नावाजली गेली. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी निवडक गेमर्सना भेटीला बोलावले, त्यात माथुर आणि पाटणकर यांच्यासोबत तीही होती. आमच्या वस्त्यांत मुलाच्या हाती मोबाइल आणि मुलीच्या हाती भांडी, अशी वाटणी अजून आहे. मुलगा तीन तास खेळला तर 'पोरगं आहे' आणि मुलगी अर्धा तास खेळली तर 'वळण बिघडले'! हा न्याय कोणता? मर्यादा घालायची तर दोघांना सारखी घाला.

पण या लोकांकडे पाहून आठवीतला मुलगा 'मी शाळा सोडून चॅनल काढतो' म्हणतो, तेव्हा त्याला रागावण्याऐवजी हिशेब दाखवावा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी लांब व्हिडिओंच्या वाटेने गेले तर एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले जाणे लागते. चार हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. रोज शंभर माणसांनी प्रत्येकी दहा मिनिटे पाहिले तर २४० दिवस लागतील. रोज न चुकता शंभर माणसे कोठून आणणार? आणि इतके करून केवळ दार उघडते. पुढे जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलवाल्याला आणि ४५ टक्के कंपनीला. म्हणजे पोरगा चालो वा न चालो, कंपनीची कमाई चालूच. जे वर दिसतात ते मूठभर. खाली राहिलेल्यांचे चॅनल कोणी उघडून पाहत नाही, म्हणून ते दिसतही नाहीत.

शिवाय केवळ खेळण्याच्या जोरावर पुढे जायचे म्हटले तर स्पर्धा देशाच्या पातळीवरची. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-क्रीडेला रीतसर मान्यता दिली. त्याआधी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा प्रकार प्रदर्शनीय म्हणून ठेवला होता, तेव्हा गुजरातच्या तीर्थ मेहता याने त्यात कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या स्पर्धेत तर त्याची पदके रीतसर मोजली गेली. मार्ग खरा आहे, पण फार अरुंद आहे. त्या मार्गावर चालणाऱ्याने दहावी-बारावीचा हात सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.

खेळाचा वेश घेतलेला जुगार

आता तिसरा आणि सर्वांत घातक प्रकार. मटका कसा असतो हे आमच्या समाजाला सांगण्याची गरज नाही. ओपन-क्लोजच्या आकड्यांनी किती मजुरांचा आठवड्याचा पगार शनिवारीच गिळला, हे जुन्या माणसांना विचारा. मटक्याला निदान लाज होती, तो गल्लीच्या टोकाला लपून चाले. नवा जुगार टीव्हीवर, मोठमोठ्या खेळाडूंच्या तोंडून जाहिरात करत घरात आला.

मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या 'ड्रीम इलेव्हन'सारख्या ॲपवर दोन संघांतील बावीस जणांतून अकरा निवडायचे, त्यात एक कर्णधार, एक उपकर्णधार. न्यायालयांनी याला कौशल्याचा खेळ मानले होते. आमची हरकत कायद्याची नाही, घरखर्चाची आहे. बावीसांतून अकरा निवडण्याचे ७ लाख ५ हजार ४३२ प्रकार होतात. त्यात कर्णधार-उपकर्णधाराचे ११० पर्याय धरले तर ७ कोटी ७५ लाख ९७ हजार ५२०. खेळाच्या नियमांनी यातले काही बाद होतात, तरी उरतात ते कोट्यवधीच. त्यातला पहिल्या नंबरचा संघ आपल्याच पोराला सुचणार, ही आशा किती धरावी?

दुसरा हिशेब. २०२५ च्या आयपीएलमध्ये ७४ सामने होते. प्रत्येक सामन्याला फक्त ४९ रुपये लावले तर ३,६२६ रुपये होतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे 'फक्त एकोणपन्नास' म्हणता म्हणता साडेअकरा दिवसांची मजुरी गेली. भर उन्हात खोदलेल्या मातीची ती किंमत!

जिंकणाऱ्याची बातमी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला अशाच ॲपवर दीड कोटी रुपये लागले. पेपरात फोटो आला, पण पाठोपाठ नोकरीचे नियम मोडले म्हणून निलंबनही आले. हरणाऱ्याची बातमी होत नाही, मोठा मासा अडकला तरच होते. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याचे पोलिसांत नोंदले गेले. त्याला सुरुवातीला जिंकू दिले होते. मटक्यातही नव्या गिऱ्हाईकाला असेच हसत हसत बसवतात.

या जाहिरातींविरुद्ध आपल्या विदर्भातूनही आवाज उठला. ऑगस्ट २०२३ मध्ये अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतील घरासमोर आंदोलन केले. जुलै २०२५ मध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला. त्यांनी तो नाकारला, पडद्यावर आलेला पत्त्यांचा खेळ आपण बंद करत होतो असे सांगितले. पुढे त्यांचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. खरे-खोटे काही असो. कापूस-सोयाबीनच्या भावाने मेटाकुटीला आलेल्या यवतमाळच्या शेतकऱ्याला त्या चित्रफितीने काय वाटले असेल, हे आम्ही येथे राहून जाणतो.

अखेर संसदेने कायदा केला. ऑनलाइन खेळांबाबतच्या या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बेकायदा ठरवले. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशा तरतुदी आहेत. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची. पैसे गमावलेला तरुण पोलिसांच्या भीतीने गप्प बसतो, सावकाराकडे जातो आणि मग नको ते करून बसतो. त्याला सांगा, लपू नको. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळव. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, तरी बाहेर देशातून चालणारे सट्ट्याचे धंदे नवनव्या नावांनी येत राहतात. कायद्याने दार लावले, पण कडी घरातूनच घालावी लागेल.

या ठिकाणी भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाच्या मुलाला केलेला उपदेश आठवतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो गृहस्थांसाठी घेतला आहे. संपत्ती वाहून जाण्याच्या सहा वाटा त्यात सांगितल्या आहेत. जुगार ही त्यातली एक. जुगारात जिंकणारा वैर मिळवतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, गाठीचे धन घटते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र त्याला तुच्छ मानतात आणि त्याच्याशी सोयरीक करायला कोणी धजत नाही, असा त्याचा भावार्थ. आणखी एक वाट सांगितली आहे ती सदा देखाव्यांच्या मागे धावण्याची. म्हणजे जुगारी आणि दिवसभर दुसऱ्याचा खेळ बघत बसणारा, दोघांचीही नोंद तेथे आहे. भिक्खूंसाठी तर ब्रह्मजाल सुत्तात वर्ज्य खेळांची लांबलचक यादीच आहे. आठ आणि दहा घरांचे पट, फासे, चेंडू, खेळण्यातला नांगर, छोटी गाडी, छोटे धनुष्य, असे सगळे त्यात येते. पण ती यादी घरदार सोडलेल्या भिक्खूंची आहे. संसारी माणसाला आणि लेकराला खेळू नका असे तेथे सांगितलेले नाही. खेळ आणि जुगार यांतला फरक अडीच हजार वर्षांपूर्वी इतका स्वच्छ मांडला गेला, तो आम्ही मोबाइल हाती येताच का विसरावा?

बनवणारेही होता येते

मुलांना एक चौथी वाटही दाखवली पाहिजे, ती खेळ बनवणाऱ्यांची. पुण्याच्या नोडिंग हेड्स या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी त्याची नायिका आहे आणि तो परदेशातही खेळला गेला. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा पब्जीच्या जातीचा खेळ आणला. असा एक खेळ तयार व्हायला चित्रकार लागतो, संगीतकार लागतो, गोष्ट लिहिणारा लागतो, संगणकाची भाषा जाणणारा लागतो, चुका शोधणारा लागतो आणि हिशेब ठेवणारा आमच्यासारखा बी.कॉम.सुद्धा लागतो. वहीच्या मागच्या पानावर सुंदर चित्रे काढणारा मुलगा आमच्या प्रत्येक वस्तीत आहे. त्याला कोणी सांगितले आहे का, की चित्रकलेला येथे पगार आहे?

मोबाइलवरून शिकण्याची भूक आमच्या फुलसावंगीत आहे, हे सगळ्या देशाने पाहिले. वेल्डिंगचे काम करणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या एका तरुणाने यूट्यूबवर पाहून हेलिकॉप्टर तयार केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पाते तुटले आणि तो गेला. ज्या मोबाइलवर दुसरी मुले खेळ बघत होती त्याच मोबाइलवर तो यंत्र शिकत होता. त्याला कमी पडले ते डोके नव्हे, धाडसही नव्हे. शेजारी उभा राहून 'थांब, हे आधी तपासू' म्हणणारा एखादा जाणकार कमी पडला. यूट्यूब शिकवते, पण हात धरत नाही. तो हात धरणारी शाळा, आयटीआय आणि शिकलेली माणसे गावापर्यंत आली पाहिजेत, ही मागणी आम्ही करतच राहणार.

घरात काय करावे?

शेवटी माता-भगिनींसाठी व बंधूंसाठी चार साध्या गोष्टी. पहिली, मोबाइल हिसकावण्याआधी मुलाशेजारी अर्धा तास बसा आणि 'हे काय आहे, मला शिकव' म्हणा. तो आनंदाने सांगेल आणि तुम्हाला सगळे कळेल. दुसरी, त्याला तीन प्रश्न विचारा : यात तू खेळतोस की बघतोस? यात आपले पैसे जातात का? यातून कमावतो कोण? तिसरी, मोबाइलला जोडलेल्या बँक खात्याचा आणि यूपीआयचा पिन मुलाला देऊ नका. बचत गटाचे पैसे ज्या खात्यात येतात ते खाते तर मुळीच नको. चौथी, वेळ ठरवा, पण ठरवलेल्या वेळेनंतर मुलाने जायचे कोठे तेही ठरवा. वेचणीच्या हंगामात आई-बाप दिवसभर शेतात, घरात एकटे लेकरू आणि एक मोबाइल, अशी स्थिती असेल तर नुसत्या बंदीने काय होणार? विहाराच्या सभागृहात संध्याकाळी दोन तास कॅरमचा बोर्ड, बुद्धिबळाचा पट आणि थोडी पुस्तके ठेवायला, मैदानावर कबड्डीची आखणी करायला फार वर्गणी लागत नाही. कोणीतरी रोज संध्याकाळी किल्ली घेऊन वेळेवर उभे राहावे लागते. ज्या वस्तीत असा एक माणूस निघेल, तेथील मुले मोबाइल आपण होऊन खाली ठेवतील, असा आम्हाला भरवसा आहे. आपल्या वस्तीत ती किल्ली कोण घेणार, हे येत्या रविवारी वंदनेनंतर बसून ठरवा.